बाळशाची पुडी

"बाळाला काचेत ठेवलंय," एवढं फोनवर सांगितलं की लालबागच्या चाळीत पुढचं कुणी विचारत नाही. त्या काचेपाशी दिवसाची पहिली बातमी वजनकाटा देतो. काल १,०४० ग्रॅम, आज १,०४५. वाढ पाच ग्रॅमची, म्हणजे चहाच्या चमच्याने एक चमचा साखर. दाराबाहेर बाकावर बसलेल्या आजीपर्यंत आकडा पोचतो आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या सुनेचं दूध पातळ आहे का हो?"

पोटात असतं तर या बाळाने किलोमागे रोज साधारण १५ ग्रॅम कमावले असते. त्या मानाने पाच म्हणजे आबाळच. मग डॉक्टर आईच्या पिळून काढलेल्या दुधात एक भुकटी मिसळायला सांगतात. ह्यूमन मिल्क फॉर्टिफायर हे तिचं पूर्ण नाव; वॉर्डात कुणी एचएमएफ म्हणतं, कुणी नुसतीच पुडी. हा निरोप संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ पार बदललेला असतो. डॉक्टरच म्हणाले म्हणे, दुधाला कस नाही! दोन दिवसांनी एखादा हौशी मामा केमिस्टकडून पावडरचा डबा घेऊन हजर.

पुडी आणि डबा यांची गल्लत इथेच होते. पुडी आईच्या दुधात पडते, डबा आईच्या दुधाची जागा घेतो. एकीला दूध लागतंच, दुसऱ्यामुळे दूध आटतं.

हिशेब एकदा मांडून बघावा. एक किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण १६० मिलीलिटर दूध देता येतं, म्हणजे दोन कटिंग. थोडं वाटतं खरं. पण ६० किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात प्यायचं म्हटलं तर रोज साडेनऊ लिटर रिचवावं लागेल! पोटात यापुढे जागाच नाही. आईच्या स्थिरावलेल्या दुधात १०० मिलीलिटरमागे सुमारे ६७ कॅलरी असतात आणि एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं. दोन कटिंगमधून मिळाल्या १०७ कॅलरी आणि फार तर दोन ग्रॅम प्रथिनं. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी जी मापं सांगितली, त्यांत किलोमागे ११५ ते १४० कॅलरी आणि साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिनं आहेत. कॅलरींची तूट थोडकी, प्रथिनांची मात्र जवळजवळ निम्मी. हाडांचं दुखणं आणखी वेगळं. नवजात बाळाच्या अंगातलं बहुतेक कॅल्शियम, सुमारे चार पंचमांश, शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून येतं. अठ्ठाविसाव्या आठवड्याला जन्मलेल्याची ही शिदोरी नाळेबरोबरच तुटते.

म्हणजे दूध पातळ नसतं, बाळ लवकर आलेलं असतं. अकाली बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनं उलट जास्तच असतात. पुढे ती उतरत जातात आणि बाळाची गरज तशीच राहते, तिथे पुडी कामाला येते. साधारणपणे ती १०० मिलीलिटर दुधात एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घालते, कॅलरी ८०पर्यंत नेते, शिवाय कॅल्शियम, फॉस्फरस आणि जीवनसत्त्वं. दोन कटिंग तेवढेच राहतात, ऐवज वाढतो.

पुडीचं कौतुक मात्र बेतानेच करावं. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन गटाच्या २०२० च्या आढाव्यात १८ चाचण्या आणि सुमारे दीड हजार बाळं होती. पुडी मिळालेल्या बाळांचं वजन किलोमागे रोज पावणेदोन ग्रॅमनी जास्त वाढलं. लांबी आणि डोक्याचा घेरही किंचित पुढे. आतडी सडण्याचा आजार वाढल्याचं दिसलं नाही. पण ही मुलं शाळेत जायला लागल्यावर फरक उरतो का, याचा पुरावा तोकडाच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हणूनच हात राखून लिहिलं: सरसकट सगळ्यांना नको, ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी विचार करावा. अंगावर चांगलं ओढणाऱ्या दोन किलोच्या बाळाला पुडी लिहून देणं ही निव्वळ हौस झाली, आणि ती बापाच्या खिशातून भागवली जाते.

आता पुडी घालायची तर कशात? हा प्रश्न खरं तर आधीचा, आणि त्याचं उत्तर या शहराने फार पूर्वी शोधलं. दादरहून दोन स्टेशनं पुढे, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग सांभाळत होत्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांनी तिथे मातृदुग्धपेढी उघडली. आशियातली ती पहिली. व्हिएन्नात अशी पेढी १९०९ साली निघाली होती. ऐंशी वर्षांनी ती कल्पना धारावीच्या वेशीवरच्या महापालिकेच्या इस्पितळात रुजली. दुसऱ्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. फक्त पावडरच्या दुधावर असलेल्या अकाली बाळांना, फक्त मातृदुग्धावरच्या बाळांपेक्षा आतडी सडण्याचा जीवघेणा आजार सहा ते दहा पटींनी जास्त होत होता. डॉ. फर्नांडिस पुढे त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९९ मध्ये त्यांनी माता-बालकांसाठी 'स्नेहा' ही संस्था काढली.

पेढीतलं काम दिसायला अगदी साधं आहे. ज्या बाळंतिणीला स्वतःच्या बाळाला पुरून उरतं, ती दूध देते. तिच्या एचआयव्ही, कावीळ ब आणि गरमीच्या तपासण्या झालेल्या असतात. दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवायचं, लगेच थंड करायचं, जंतू उरलेत का ते तपासायचं आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवायचं. आपल्या घरातल्यासारखी उकळी येऊ द्यायची नाही. एवढ्या तापवण्यानेही चरबी पचवणारं एक विकर मरतंच. शिवाय दात्या बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळंतिणी, त्यामुळे प्रथिनं आधीच उतरलेली. पेढीच्या दुधावरची बाळं सुरक्षित राहतात, पण बाळसं सावकाश धरतात. पुडीची खरी गरज भासते ती इथे.

परळचा या सगळ्याशी जुना संबंध आहे. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम, आचार्य दोंदे मार्गावरची ही दोन्ही रुग्णालयं १९२६ सालची. आजूबाजूला भोंग्यांवर चालणारं गिरणगाव. पाळीवर जाताना बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवत, हे त्या काळच्या अहवालांत नोंदलं गेलं आहे. बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये आला. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडली होती. तान्ह्याच्या तोंडात काय जातं ते आईला बसायला वेळ मिळतो का यावर ठरतं, हे गिरणगावाला कुणी शिकवायला नको.

आजही अडतं ते तिथेच. बाळ वर अतिदक्षता विभागात, आई खाली प्रसूतीच्या वॉर्डात, टाके ओले. दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं तर तिला बसायला पाठ टेकणारी खुर्ची हवी, आडोसा हवा, पंप हवा, वेळेवर जेवण हवं. एसटी स्थानकांत अंगावर पाजायला हिरकणी कक्ष निघाले, चांगलंच झालं. पण तान्ह्यासाठी रायगडाच्या कड्यावरून उतरायची पाळी हिरकणीवर मुळात यायलाच नको होती, हे तिची गोष्ट सांगताना आपण विसरतो.

आई बाळापाशी असली की आणखीही काही फुकटात साधतं. दूध काढताना शेवटी येणारा भाग जास्त स्निग्ध असतो. तो वेगळा जमा करून दिला तर पुडीशिवायच कॅलरी वाढतात. आणि छातीशी धरणं, म्हणजे कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एवढा गुण कुठल्याही पुडीच्या पाठीवर छापलेला नाही.

पुडी मिसळणं हीसुद्धा एक कलाच. बहुतेक पुड्या २५ मिलीलिटरच्या मापाने भरलेल्या, आणि एक किलोचं बाळ दर दोन तासांनी घेतं १३ मिलीलिटर. अर्धी पुडी अंदाजाने ओतायला ही जिऱ्याची पूड नव्हे. म्हणून २५ मिलीलिटर दूध मोजून त्यात पूर्ण पुडी ढवळतात आणि पुढच्या वेळचं झाकून थंड ठेवतात. फार वेळ ठेवून चालत नाही, कारण दुधाची तीव्रता वाढते. आणि भुकटी निर्जंतुक नसते, त्यामुळे हात धुण्यात हयगय चालत नाही. साय वाटीच्या कडेला आणि नळीच्या आत चिकटते, ती वेगळी! नळीने दूध देताना जाणती सिस्टर सिरिंजचं तोंड वर ठेवते, कारण साय वर तरंगते आणि ती आधी बाळाच्या पोटात गेली पाहिजे. बाळ जरा मोठं झालं की चमचा, बोंडलं.

एक गोम राहतेच. आपल्याकडच्या नेहमीच्या पुड्यांमधली प्रथिनं गाईच्या दुधाची. अमेरिकेत मानवी दुधापासूनच फॉर्टिफायर बनवला जातो. बेंगळुरूतल्या एका कंपनीने आपल्याकडेही मातृदुग्धापासूनची उत्पादनं विकायला काढली, तेव्हा बालपोषणाचं काम करणाऱ्यांनी हरकत घेतली. मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट केलं की मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकायला कायद्यात परवानगीच नाही. केंद्राची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही दात्या आईच्या दुधाचा व्यापार नको म्हणतात. हे योग्यच झालं. एकदा दुधाला भाव फुटला की गरीब घरची आई कुणाच्या बाळासाठी कुणाच्या तोंडचं काढून देईल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र लागत नाही. पण मग दुसऱ्या बाजूची जबाबदारी सरकार आणि महापालिकेची ठरते. ज्या बाळाला पुडी लागते त्याला ती वॉर्डातच मिळावी, चिठ्ठी घेऊन रस्त्यापलीकडच्या केमिस्टकडे धावायला लागू नये. तान्ह्यांच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे. चिठ्ठी ही मात्र बिनपैशाची जाहिरातच.

गाईच्या पहिल्या दुधाचा, चिकाचा, आपल्याला केवढा सोस! गिरगाव-दादरला खरवस दिसला की पाय थबकतात. आणि घरात सून बाळंत झाली की तिचाच पिवळसर चीक "जड पडेल" म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. अकाली बाळाला त्याचे थेंब औषधासारखे लागू पडतात. म्हणून शहाणे वॉर्ड ते सिरिंजमध्ये थेंब-थेंब जमवतात.

भारतात २०२० या एका वर्षात ३० लाखांहून जास्त बाळं अकाली जन्मली, जगातल्या दर पाचांत एकाहून जास्त. त्यांतल्या थोड्यांनाच पुडी लागते, आई मात्र सगळ्यांनाच.

बाळ १,८०० ग्रॅमच्या पुढे गेलं आणि अंगावर ओढू लागलं की पुडी बंद होत जाते. घरी जाताना हातात लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब असतात, आणि पुढच्या तपासणीची तारीख. बाकावरची आजी तोवर वॉर्डात सगळ्यांच्या ओळखीची झालेली असते. ती पिशवीतून स्टीलचा डबा काढते, अळिवाचा एक लाडू सुनेच्या हातावर ठेवते आणि दुसरा सिस्टरच्या. सिस्टर तो खाता खाताच बजावते की यातलं कणभरही बाळाला चाटवायचं नाही. मग आजीला तेच पुन्हा म्हणून दाखवायला लावते.