काळ्या कडांवरील पांढरी बाकी

दसऱ्यापूर्वी गाडीला मेणाचे पॉलिश चढविण्याचा जो उत्साह आपल्याकडे दिसतो, त्याची पांढरी बाकी बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर दीर्घकाळ राहते. कारण तो पृष्ठभाग मुद्दामच खरबरीत ठेवलेला असल्यामुळे मेण आणि पॉलिशमधील सूक्ष्म पूड त्याच्या खाचांत शिरून वाळते, व कोरड्या फडक्याने पुसू जाता अधिकच पसरते. त्यावर तेल फासणे ही, माझ्या मते, निव्वळ लपवाछपवी होय. चार पावसांत तेल वाहून जाते आणि डाग पुन्हा हजर. कोमट साबणपाणी, जुना मऊ टूथब्रश, आणि हट्टी डागास पेन्सिलीचे साधे खोडरबर, एवढा सरंजाम बहुधा पुरतो. पॉलिशवाल्यास मात्र सक्त ताकीद द्यावी की, डबी उघडण्यापूर्वी काळ्या कडांवर मास्किंग टेप लाव.