पूर्ण हजेरीचें बक्षीस

वार्षिक बक्षीससमारंभांत टाळ्यांचा सर्वांत मोठा कडकडाट कोणत्या बक्षिसास होतो, हें आमच्या पालकवर्गास ठाऊक आहे. गणितांत पहिल्या आलेल्या मुलास टाळ्या पडतात, वक्तृत्वाच्या ढालीसहि पडतात. परंतु वर्षभरांत एकहि दिवस न चुकलेल्या विद्यार्थ्याचें नांव पुकारलें, कीं मागच्या बांकांवरील मंडळीसुद्धां उठून उभी राहतात. आम्हीं स्वतः हें नांव अनेक वर्षें मोठ्या कौतुकानें पुकारलें आहे. आज आम्ही असें सुचविणार आहों कीं, हें बक्षीस आतां बंद करावें. परंतु त्यापूर्वीं आमचा स्वतःचा एक प्रमाद सांगितला पाहिजे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, खेड्यांतून पांचवीपासून व शहरांतून आठवीपासून, महाराष्ट्रांतील शाळा पुन्हां भरूं लागल्या. त्या वर्षाच्या आरंभीं कोरोनाच्या सांथीनें आपल्या जिल्ह्यास कसें गांठलें होतें, हें येथें कोणास सांगावयास नको. फेब्रुवारी महिन्यांतच अमरावती व यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या झपाट्यानें वाढून निर्बंध लागू झाले होते. पुढें एप्रिल-मे महिन्यांत, ज्या घरांत कोणीच अंथरुण धरलें नाहीं असें घर शोधावें लागे. शाळा उघडल्या तेव्हां सर्वत्र उत्साह होता, आणि त्या उत्साहांत आम्हीं कवायतीचा तास पूर्वीप्रमाणेंच सुरू केला. नववीचा एक मुलगा मैदानाच्या दुसऱ्या फेरींत मध्येंच खालीं बसला. तो मे महिन्यांत आजारी होता. रुग्णालयांत जाण्याची पाळी आली नव्हती, आणि त्यानंतर त्यास ताप म्हणून आला नव्हता. आम्हीं सर्व वर्गासमक्ष त्यास म्हटलें, "बरा होऊन पांच महिने झाले, आतां हें निमित्त पुरे." मुलगा कांहीं बोलला नाहीं. उठला आणि धांवला.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील, कापूस वेचणीचे दिवस असतांहि, गांवाहून आले. ते तक्रार करावयास आले नव्हते, विचारावयास आले होते. "सर, पोराले ताप नाही जी," ते म्हणाले, "पण थोडं काम केलं का मटकन खाली बसते. हा आळस हाय का बिमारी?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

त्या उत्तराच्या शोधांत पुढें आम्हीं जें वाचलें, त्यांतील थोडेंसें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें. आपल्या शरीरांतील जवळ जवळ प्रत्येक पेशींत जनुकांचा सबंध संग्रह असतो. शाळेच्या ग्रंथालयाप्रमाणें त्यांतील कांहीं कपाटें उघडीं असतात व पुष्कळशीं कुलूपबंद असतात. डोळ्याची पेशी आणि रक्तांतील पांढरी पेशी यांमध्यें जो भेद दिसतो, तो पुस्तकें निराळीं असल्यामुळें नव्हे, तर निराळीं कपाटें उघडीं असल्यामुळें. विषाणु श्वासावाटे आंत शिरला, कीं पांढऱ्या पेशी झुंजीचीं कपाटें भराभर उघडतात. ताप, अंगदुखी, ग्लानि हीं बव्हंशीं त्या झुंजीचींच चिन्हें होत. पुढें विषाणु नाहींसा होतो, तपासणींत तो सांपडत नाहीं, आणि आपण म्हणतों, बरें वाटलें. परंतु तीं उघडलेलीं कपाटें केव्हां बंद होतात?

ऑस्ट्रेलियांतील अॅडलेड येथील संशोधकांनीं कोरोनांतून बरे झालेल्या ६९ जणांचें रक्त संसर्गानंतर १२, १६ व २४ आठवड्यांनीं तपासलें; त्यांत सौम्य आजाराचे होते, तसेच तीव्र आजाराचेहि होते. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, रक्तांतील जनुकांचें कार्य निदान सहा महिन्यांपर्यंत निरोगी माणसाहून वेगळें राहिलें होतें. पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्क येथील स्टीव्हन जोसेफोविच यांच्या प्रयोगशाळेनें याहून नवल वाटावें अशी गोष्ट दाखविली. रक्तांतील मोनोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी थोड्याच दिवसांच्या सोबती असतात; त्या मरतात व अस्थिमज्जेंतून नव्या येतात. असें असतां तीव्र आजारांतून उठलेल्या रुग्णांच्या या पेशींत सांथीची खूण वर्षभरापर्यंत आढळली. याचें कारण, जेथून त्या जन्म घेतात त्या मूळ पेशींवरच ती खूण उमटली होती. जुने शिपाई निवृत्त झाले, परंतु नवे शिपाई जुना हुकूम घेऊनच भरती झाले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्याकडील शेतकऱ्याच्या मुलांस हें अधिक सोप्या रीतीनें कळेल. रानडुकरें आणि रोही पिकांत शिरूं लागले, कीं घरांतील कोणी तरी मचाणावर जागलीस जातो. एके रात्रीं कळप येऊन गेला, कीं पुढें महिनाभर कळप येवो न येवो, पान हललें तरी त्यास जाग येते. पीक वांचतें खरें. परंतु रात्रभर जागलेल्या त्या माणसास सकाळीं वखरावर धाडून, हात जड कां चालतो म्हणून कोणी त्यास बोल लावीत नाहीं.

या जागलीचा लाभहि आहे, तो लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आपला डावा दंड पाहा. जन्मतः टोंचलेल्या बीसीजी लशीचा व्रण बहुतेकांच्या दंडावर दिसेल. ती लस क्षयासाठीं आहे. परंतु नेदरलंडमधील मिहाइ नेटेया व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, ती टोंचल्यावर तीन महिन्यांनींहि मोनोसाइट पेशी क्षयाशीं कांहींहि संबंध नसलेल्या जंतूंसहि अधिक जोरानें तोंड देतात. २०२३ सालीं अमेरिकेंत असेंहि आढळलें कीं, सौम्य कोरोनांतून उठलेल्या पुरुषांच्या शरीरानें कांहीं महिन्यांनीं फ्लूच्या लशीस इतरांहून अधिक जोमानें प्रतिसाद दिला. दुसऱ्या एका प्रकारची आठवण तर याहूनहि चिवट असते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें आपला जिल्हा ज्यांत होता तो मध्यप्रांत व वऱ्हाड, हिंदुस्थानांतील अत्यंत पीडित भागांपैकीं एक ठरला होता. त्याच सांथींतून अमेरिकेंत वांचलेल्या, १९१५ सालीं किंवा त्यापूर्वीं जन्मलेल्या ३२ वृद्धांचें रक्त नव्वद वर्षांनीं तपासण्यांत आलें, तेव्हां त्या प्रत्येकाच्या रक्तानें तो जुना विषाणु ओळखला. ही शत्रूचा चेहरा लक्षांत ठेवणारी आठवण. वर सांगितलेली ती, चेहरा न पाहतांहि सावध राहणारी.

आतां एक मर्यादा. जनुकांच्या या दीर्घकालीन कार्यामुळेंच मुलांस थकवा येतो, असें शास्त्रज्ञांनीं अद्याप सिद्ध केलेलें नाहीं, आणि आमच्या त्या विद्यार्थ्याचें रक्त तर कोणीं तपासलेंहि नव्हतें. न्यूयॉर्कचे रुग्ण अत्यवस्थ होते. साध्या पडशानें प्रत्येक मुलाचें रक्त वर्षभर बिघडतें असा अर्थ कोणीं काढूं नये. परंतु तीन महिन्यांनींहि न जाणारा थकवा हा निव्वळ मनाचा खेळ नव्हे, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ च्या ऑक्टोबरांत त्या अवस्थेची व्याख्या करूनच मान्य केलें. म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही मैदानावर "निमित्त" हा शब्द उच्चारीत होतों, त्याच महिन्यांत.

जातां जातां एका बाजारी गोष्टीविषयीं. सांथीच्या काळापासून "प्रतिकारशक्ति वाढविणाऱ्या" बाटल्या व पुड्या आपल्या गांवांतील दुकानांतून मांडलेल्या असतात, आणि सोयाबीनच्या पैशांतून त्या घेणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. जी शक्ति आधींच जागलीवर बसली आहे, ती आणखी वाढवावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें त्या बाटलीवर लिहिलेलें नसतें. त्या पैशांत महिनाभर दूध, अंडीं व डाळ येतात.

आतां बक्षिसाकडे वळूं. या बक्षिसाच्या लोभानें ताप उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीं वर्गांत येऊन बसलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर ताप असतां औषधाची गोळी घेऊन आलेलीं मुलेंहि पाहिलीं आहेत. अशा मुलाचें आम्हीं कौतुक केलें. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाचा विचार आम्हांस सुचला नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें वर्षभर हजेरी दिली, त्यास बहुधा निरोगी प्रकृतीची देणगी लाभलेली असते. तो आजारी पडला नाहीं यांत त्याचा पराक्रम तो किती? आणि जो दमेकरी मुलगा जानेवारीच्या थंडींत चार दिवस घरीं राहिला, त्यानें कोणता अपराध केला?

आमचे एक सहकारी म्हणतात, "बक्षीस काढा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं अर्धा वर्ग रिकामा पाहा." ही भीति अगदींच खोटी नाहीं. मुलें ढोंग करतात. आम्हींहि लहानपणीं केलें आहे. परंतु ढोंग ओळखणें हें शिक्षकाच्या धंद्यांतील रोजचें काम आहे, आणि वर्गशिक्षकास तें साधतें. न दिसणारा थकवा मात्र आम्हांस ओळखतां आला नाहीं, आणि त्याची किंमत दुसऱ्यानें भरली.

म्हणून आमची सूचना केवळ बक्षीस काढण्यापुरती नाहीं. मोठ्या तापांतून उठलेल्या मुलास कवायतींत एकदम पूर्ण फेऱ्या देऊं नयेत. पहिल्या आठवड्यांत अर्धी फेरी, मग एक, आणि दुसऱ्या दिवशीं तो अधिक थकलेला दिसला तर पुन्हां मागें यावें. धांप किंवा छातींत दुखणें असेल तर मैदानाआधीं डॉक्टरांकडे. चुकलेल्या घटकचाचणीसाठीं वैद्यकीय दाखल्याबरोबरच पालकाचा शब्दहि चालावा, कारण खेड्यांतील माणसास दाखल्यासाठीं एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तो मुलगा, पालकांच्या माहितीसाठीं सांगतों, पुढल्या पावसाळ्यापर्यंत आपोआप सुधारला व दहावी उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला. त्याच्या वडिलांस जें उत्तर त्या दिवशीं द्यावयास हवें होतें, तें आम्हीं फार उशिरां दिलें. त्यांनीं तें हंसून ऐकून घेतलें.

राहतां राहिला तो पूर्ण हजेरीचा चषक. तो जुना आहे, आणि मोडीत काढावा असें कोणीच म्हणणार नाहीं. जूनअखेर शाळा उघडण्यापूर्वीं बक्षिसांची यादी ठरते. त्या वेळीं बक्षीस समितीनें असा ठराव करावा कीं, आजारी सोबत्याच्या वह्या त्याच्या घरीं नेऊन पुऱ्या करून देणाऱ्या विद्यार्थ्यास तो यापुढें मिळावा. चषकावर अजून चार नांवांपुरती जागा शिल्लक आहे.