हरवले की चोरले?

मुलांनो, एखादी वस्तू जागेवर दिसेनाशी झाली, की मराठीत 'वस्तूला पाय फुटले' असे म्हणतात. वस्तूला पाय नसतात हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. ती कोणीतरी उचलली असे त्याला सुचवायचे असते, पण नाव कोणाचे घ्यायचे नसते. मी सातवीत असताना माझ्या पेनाला असेच पाय फुटले. त्या वेळी मात्र एक नाव घेतले गेले.

गोष्ट १९७६ सालची, मालेगावची. आमच्या घरी सर्वांचा दिवस यंत्रमागाच्या खडखडाटात सुरू होई आणि त्यातच मावळे. भाईजानने पहिल्या पगारातून मला शाईचे एक पेन आणून दिले. गडद हिरवे, सोनेरी टोपणाचे. वर्गात बहुतेकांकडे साधी पेने असत, काही जण पेन्सिलीवरच भागवत. त्यामुळे माझ्या पेनाचा मला फार अभिमान वाटे. मधल्या सुट्टीतही मी ते खिशाला लावून फिरत असे.

एके दिवशी सकाळी वर्गात दप्तर उघडले, तर पेन नाही. मी रडू लागलो. सरांनी विचारले, "तुझ्या शेजारी कोण बसते?" माझ्या शेजारी बसणारा मुलगा एका हमालाचा मुलगा होता. त्याच्याकडे स्वतःचे पेन नव्हते. दोन-तीन वेळा त्याने माझे पेन लिहायला मागून घेतले होते, आणि प्रत्येक वेळी टोपण लावून परत दिले होते. ही शेवटची गोष्ट त्या दिवशी कोणाला आठवली नाही. मलासुद्धा नाही. सरांनी त्याचे दप्तर सगळ्यांसमोर रिकामे केले. त्यातून दोन वह्या, एक फुटकी पट्टी आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. पेन निघाले नाही.

तुम्हाला वाटेल, मग प्रकरण मिटले. तसे झाले नाही. "याने कुठेतरी लपवले असेल," असे कोणीतरी मागून म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटले. पेन सापडले असते तर तो चोर ठरला असता. सापडले नाही, म्हणून तो हुशार चोर ठरला! पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याचे कारण घरची गरिबी होती, की आमच्या वर्गाने त्याला दिलेले ते नाव, हे मी आजही सांगू शकत नाही.

सात वर्षांनी, १९८३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, आमच्या दारात पिंजारी आला. अम्मीने जुनी रजई पुन्हा पिंजायला काढली. त्या रजईत एका कोपऱ्याला काहीतरी कडक लागत असे. कापसाची गाठ झाली असेल, असे आम्ही सर्व धरून चाललो होतो. पिंजाऱ्याने शिवण उसवली, कापूस ओढून बाहेर काढला आणि त्याबरोबर ते हिरवे पेन जमिनीवर पडले.

मग मला सगळे आठवले. थंडीच्या दिवसांत मी रात्री रजईत बसून गृहपाठ करीत असे. रजई एका बाजूने उसवलेली होती. पेन तिथून आत गेले असणार. नंतर अम्मीने ती बाजू शिवून टाकली. सात वर्षे आम्ही भावंडे ते पेन अंगावर घेऊन झोपत होतो. मराठीत याला 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' म्हणतात. आपण 'बगल में बच्चा, शहर में ढिंढोरा' म्हणतो. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी. त्या दिवशी मला हसू आले नाही.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्या खोलीत दुसरेच कुटुंब राहत होते. जुने भाडेकरू भिवंडीला गेले, एवढेच शेजारच्या बाईंना ठाऊक होते. भिवंडी केवढी मोठी!

या अनुभवामुळे माझे एक मत बनले आहे आणि ते मी तुमच्यापुढे ठेवतो. वस्तू दिसेनाशी झाली, की पहिला संशय स्वतःच्या विसराळूपणावर घ्यावा, शेजाऱ्यावर नव्हे. आपली भाषाही इथे आपल्याला थोडी फसवते. आपण 'मी पेन कुठेतरी टाकले' असे म्हणत नाही, 'माझे पेन हरवले' असे म्हणतो. जणू चूक पेनाचीच! उर्दूतही 'कलम खो गया' असेच म्हणतात. आणि चूक आपली नाही असे एकदा ठरले, की ती दुसऱ्या कोणाची तरी असावी लागते. ती बहुधा वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाची ठरते. सगळ्यांसमोर एका मुलाचे दप्तर झाडणे मला म्हणूनच पटत नाही. काही जण म्हणतील, चोऱ्या होतच नाहीत का? होतात. पण पुरावा नसताना आळ घेणे हीसुद्धा एक चोरीच आहे, आणि तिचा माल परत करता येत नाही.

विसराळूपणा सर्वांना असतो. रवींद्रनाथ टागोर १९१२ साली लंडनला गेले, तेव्हा 'गीतांजली'च्या इंग्रजी भाषांतराचे हस्तलिखित त्यांच्या सामानात होते. ती बॅग त्यांचे पुत्र रथींद्रनाथ यांच्या हाती होती. भुयारी रेल्वेतून उतरताना ते ती डब्यातच विसरले! दुसऱ्या दिवशी हस्तलिखिताची गरज पडली, तेव्हा ही गोष्ट ध्यानात आली. रथींद्रनाथ धावतपळत हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात गेले. बॅग तिथे सुखरूप होती. त्याच वर्षी ते पुस्तक छापले गेले आणि १९१३ साली टागोरांना नोबेल पारितोषिक मिळाले. ती बॅग ज्याच्या नजरेस पडली, त्याला आत काय आहे हे कुठे ठाऊक असणार? पण ती योग्य जागी पोहोचली.

म्हणजे हरवणाऱ्याइतकाच सापडणाराही महत्त्वाचा आहे. 'मला सापडले, म्हणून माझे' असे पुष्कळांना वाटते. हे चूक आहे. आपल्या देशात १८७२ सालापासून करारांविषयीचा एक कायदा आहे. दुसऱ्याची वस्तू सापडून ज्याने ती ताब्यात घेतली, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते, असे तो कायदा सांगतो. एखाद्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू जशी सांभाळावी, तशीच ही. आपण जिला अमानत म्हणतो, तीच ही गोष्ट. जपानमध्ये लहान मुले रस्त्यात सापडलेले नाणेसुद्धा कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत नेऊन देतात. तिथे पोलीस ते हसण्यावारी नेत नाहीत, त्याची रीतसर नोंद करतात. तीन महिन्यांत मालक आला नाही, तर साधारणपणे ती वस्तू सापडणाऱ्याला मिळू शकते. आपल्याकडे मात्र चौकीत एक रुपया घेऊन गेलेल्या मुलाला काय ऐकावे लागेल, याची कल्पना तुम्हीच करा.

कधी कधी परत देणारी माणसे नसतात, तर माती असते. स्वीडनमध्ये एका बाईंची लग्नाची अंगठी १९९५ साली स्वयंपाकघरात हरवली. सोळा वर्षांनी, २०११ साली, त्यांनी बागेतले गाजर उपटले, तर अंगठी त्या गाजरातच अडकलेली! भाजीच्या सालींबरोबर ती खतात आणि तिथून मातीत गेली असावी, असे त्यांना वाटले. त्या बाईंनी त्या सोळा वर्षांत कोणा नोकरावर वा पाहुण्यावर संशय घेतला होता का, हे मला विचारावेसे वाटते.

मी पुढे शिक्षक झालो. माझ्या वर्गात कपाटावर एक लाकडी खोके असते. ज्याला जे सापडेल ते त्याने त्यात टाकायचे, कोणी काही विचारायचे नाही. 'सर, माझी कंपासपेटी चोरीला गेली' अशी तक्रार आली, की मी त्याच मुलाला म्हणतो, "आधी तुझे दप्तर झाड. मग घरी जाऊन अंथरूण झाड. मग ये." बहुतेक जण दुसऱ्या दिवशी खाली मान घालून, हसत येतात. वस्तूंवर नाव घालण्याची सवयही मी लावतो, पण ती काही लागत नाही!

सध्या खोक्यात एक किल्ली, पेनांची तीन टोपणे आणि एक निळा रुमाल आहे. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून कोणीतरी पाच रुपये बांधून ठेवले आहेत. दोन आठवडे झाले, गाठ अजून कोणी सोडलेली नाही.