दवा आणि दुआ

१९९४ साली माझी बदली उत्तर गुजरातेतल्या उंझा या जिऱ्याच्या बाजारपेठेच्या गावी झाली. शाखेतले हेड कॅशियर मुसलमान होते. एका नोटेचीही चूक न करणाऱ्या या गृहस्थांचा हिशेब एके दिवशी जुळेना. चहाच्या वेळी कारण कळले. धाकट्या भावाला झोप नव्हती. कोणीतरी हाका मारतं, म्हणायचा. दर गुरुवारी ते त्याला जवळच्या उनाव्याला, मीरां दातारच्या दर्ग्यात नेत.

“डॉक्टरांना दाखवलंत का?” मी विचारले.

“साहेब, डॉक्टरकडे नेलं तर लोक वेडा म्हणतात. दर्ग्यात नेलं तर नुसता दुखणाईत म्हणतात.”

यावर मी काय बोलणार? गाणगापूरला जाणारी आपली माणसे याहून वेगळे काय सांगतात?

पुढे अबू झैद अल्-बल्खी या विद्वानाविषयी वाचले. ९३४ साली निवर्तलेल्या या धर्मनिष्ठ मुसलमानाने शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख वेगळे आणि कारणाविना मन ग्रासणारे दुःख वेगळे, हा भेद त्याने केला. मनात पुन्हा पुन्हा घोळणाऱ्या नको त्या विचारांचे त्याने केलेले वर्णन आजच्या निदानाशी जुळते, असे रानिया अवाद आदी संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. तेव्हा मनाचे औषध धर्माला वर्ज्य, असे म्हणणाऱ्याने आधी हा इतिहास वाचावा.

पण नुसत्या पूर्ववैभवाने घर चालत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जीव गेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली.

मग दर्गे बंद करायचे का? मला तसे वाटत नाही. माणूस जिथे विश्वासाने जातो, तिथेच औषधाने जावे. उनाव्याला २००८ साली नेमके हेच झाले. ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमात दर्ग्यातच मानसोपचाराची सोय झाली. मुजावरच रुग्णाला डॉक्टरांकडे धाडू लागले. दुआही चालू, गोळीही चालू. ‘वेडा’ हा शिक्का मात्र टळला.

माझी उंझ्याहून बदली झाली. त्या भावाचे पुढे काय झाले, कळले नाही. दर्ग्याच्या दारात डॉक्टर यायला आणखी चौदा वर्षे लागणार होती. हा हिशेब मात्र मला अजून जुळवता आलेला नाही.