पैज लावतो, गुण सत्तरच्या आसपास पडणार

पोस्ट मोठी झालीये. चाकणच्या तळेगाव चौकात अडकला असाल तर आरामात वाचून होईल.

रविवारी भाचा घरी आला होता. मोशीला राहतो, एका स्टुडिओत गेमसाठी दगड, झाडं, पडक्या भिंती बनवतो. ताई अजूनही पाहुण्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते, कारण गेम म्हटलं की समोरच्याला रमी आठवते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा दोन नातेवाइकांनी काळजीने फोन केले होते, ‘आता पोराच्या नोकरीचं काय?’ त्यांना समजावता समजावता ताईची भाजी करपली.

तर भाच्याने विचारलं, “मामा, ‘द एज ऑफ भारत’ आली की बाहेरचे समीक्षक किती गुण देतील? तुझा अंदाज सांग.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही तारा गेमिंगची येऊ घातलेली गेम. लेखक अमीश त्रिपाठी, अमिताभ बच्चन आणि युबिसॉफ्टमध्ये मोठमोठ्या गेम केलेले नूरेदीन अबूद ही तीन नावं तिच्यामागे आहेत. प्राचीन भारताच्या कल्पनेवर उभी केलेली फँटसी, राक्षस, तलवारी, सगळं. घोषणा झाल्यापासून आपल्याकडची पोरं तिची तुलना थेट ‘विचर’ आणि ‘एल्डन रिंग’शी करतायत. म्हणजे अख्खा प्रदेश मोकळा, वाटेल तिकडे जा, वाटेल त्याच्याशी लढा, ज्याला ओपन वर्ल्ड म्हणतात त्या खेळांशी. गेम प्रत्यक्षात जेवढी मोठी असेल तेवढी असो, मोजपट्टी तीच लागणार.

मी त्याला म्हटलं, अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर. पोराचं तोंड पडलं.

आता मी काही समीक्षक नाही. चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीला आहे, अठरा वर्षं झाली. पण गेम कॉलेजात असल्यापासून खेळतो, आणि रिजेक्शन म्हणजे काय हे मला कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त माहितीये. त्या जोरावर सांगतो.

पहिला परिच्छेद कौतुकाचा असणार हे नक्की. देवळं, दागिने, कोरीवकाम, संगीत, ‘असं जग आम्ही गेममध्ये पाहिलं नव्हतं’ वगैरे. हे आपण आधी पाहिलंय. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणली. राजी नावाची मुलगी, राक्षसाने पळवलेला धाकटा भाऊ गोलू, त्याला सोडवायला निघालेली. चित्रशैली पहाडी लघुचित्रांसारखी, सूत्रधार म्हणून विष्णू आणि दुर्गा. आधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला होता, तो पुरा पडला नाही, तरी त्या लोकांनी गेम पूर्ण केली. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात तिला नामांकन मिळालं. आणि समीक्षकांनी काय लिहिलं? रूप देखणं, कथा वेगळी, पण लढाई अडखळते आणि खेळ लवकर संपतो. गुण बहुतेक ठिकाणी सत्तरीच्या आगेमागे. मी स्वतः दोन रात्रींत संपवली, आणि खरं सांगायचं तर लढाईबद्दल ते बरोबर होते.

दुसरा परिच्छेद तिथूनच सुरू होणार, लढाईपासून.

हे जरा समजून घ्या, कारण इथेच सगळी गोम आहे. शोरूममध्ये गाडी बघायला गेलेला माणूस पहिलं काय करतो? दार उघडतो आणि लावतो. ‘धप्’ असा भरीव आवाज आला की मान डोलावतो, ‘ठण्ण’ वाजलं की बायकोकडे बघतो. त्या एका धप्च्या मागे दाराचा पत्रा, बिजागरी, लॉक, रबराचं बीडिंग, आतलं पॅड आणि चार व्हेंडरांची सहा महिन्यांची भांडणं असतात. ड्रॉइंगवर तो आवाज नसतो. तो शंभर वेळा दार लावून, शंभर वेळा शिम बदलून मिळतो. आपल्या पट्ट्याने हे शिकायला पन्नासेक वर्षं घेतली. टेल्को आली, बजाज आली, मागून त्यांचे पुरवठादार आले, आणि भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला माणूससुद्धा मायक्रॉनमध्ये बोलायला लागला.

गेममधली तलवार अशीच असते. राक्षसाला लागली हे डोळ्यांना दिसून भागत नाही, बोटांना कळावं लागतं. वार बसताना चित्र निमिषभर थांबतं, आवाज येतो, हातातला कंट्रोलर थरथरतो, समोरचा मागे रेलतो. यातली एक गोष्ट जरी थोडी मागेपुढे झाली तरी तलवार कापसाची वाटते. हे जपानी आणि अमेरिकन स्टुडिओ तीस-चाळीस वर्षं करतायत. आपल्याकडे बहुतेक पोरांनी काय केलं? भाच्यासारखं. दुसऱ्याच्या गेमसाठी दगड बनवले. उत्तम दगड बनवले, पण दगडच. अख्खी गाडी आपण कधी जोडली नाही, सुटे भाग दिले. त्यामुळे दाराचा आवाज पहिल्या झटक्यात जमेल असं मला वाटत नाही.

तिसरी तक्रार असेल रिकामेपणाची, जर जग मोठं ठेवलं असेल तर. नकाशा मोठा करणं सोपं असतं, त्यात वस्ती करणं अवघड. निगडीच्या प्राधिकरणात सेक्टरमागून सेक्टर फिरा, रस्ते रुंद, झाडं छान, पण नवीन माणूस तिसऱ्या वळणावर हरवतो, कारण लक्षात राहावं असं काही लागतच नाही. तेच चिंचवडगावात शिरा. चार गल्ल्यांत मोरया गोसावींचं मंदिर, पवनेचा घाट, वाडे, पेढ्याचं दुकान, आणि कोणाशी तरी ओळख निघतेच. (प्राधिकरणवाल्यांनी रागावू नये, मीही तिथेच राहतो.) ओपन वर्ल्ड बनवणारे नव्वद टक्के लोक प्राधिकरण बनवतात आणि समीक्षकाला चिंचवडगाव हवं असतं. जानेवारी २०२३ मध्ये स्क्वेअर एनिक्ससारख्या दादा कंपनीची ‘फोरस्पोकन’ आली होती. फँटसी, मोकळं जग, जादूने धावणारी नायिका, पैसा पाण्यासारखा ओतलेला. धावायला मजा, पण जगात करायचं काय? गुण साठीच्या घरात. ती बनवणारा स्टुडिओ काही महिन्यांत मूळ कंपनीत विलीन झाला. नाव आणि पैसा असला की गुण पडतात असं नाही.

आणि चौथं म्हणजे अडखळणं, बंद पडणं. डिसेंबर २०२० मधली ‘सायबरपंक २०७७’ आठवा. समीक्षकांना आधी फक्त पीसीवरची प्रत दिली, गुण शहाऐंशी पडले. जुन्या प्लेस्टेशनवरची प्रत लोकांच्या हातात आली तर ती चालेचना, सोनीने दुकानातून काढून टाकली. म्हणून कुठलीही नवी गेम आली की मी आधी बघतो, समीक्षकाला कुठल्या मशीनवरची प्रत मिळाली होती. सँपल हाताने घासून गुळगुळीत करून पाठवायचं आणि लॉट तसाच सोडायचा, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही.

म्हणून अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर. हे वाईट गुण नाहीत. पण या धंद्यात दोन-चार गुणांनी पोटावर पाय येतो. २०१० च्या ‘फॉलआऊट: न्यू व्हेगास’ गेमचा किस्सा त्यातल्याच एका माणसाने पुढे सांगितला होता: मेटाक्रिटिकवर सरासरी ८५ पडली तर स्टुडिओला बोनस, पडली ८४. एका गुणाने बोनस गेला. दिवाळीच्या तोंडावर युनियनची बोलणी बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पण पोस्ट लिहायला बसलो ते गुणांसाठी नाही, गुण पडल्यावर आपण काय करणार त्यासाठी.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. आपल्या गावात एवढ्या मोठ्या नावाचं काम! ट्रेलर आला आणि जगाने चेहऱ्यांवरून, प्रकाशावरून धुलाई केली. गेम पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईहून माँट्रियलला गेलं. त्या वेळी आपल्या ग्रुपवर दोनच सूर होते. एक, ‘गोऱ्यांना आपलं बघवत नाही.’ दोन, ‘आपल्याला हे जमणारच नाही, आपण सुटे भागच करावेत.’ चेहऱ्यांवरची टीका खरी होती का, असली तर चूक कुठल्या टप्प्यावर झाली, वेळ कमी दिला होता का, यावर कोणी चार ओळी लिहिलेल्या मला आठवत नाहीत. मीही नाही लिहिल्या.

या वेळी तर कथा आपल्या पुराणांच्या वळणाची, नावातच भारत, मागे बच्चनसाहेब. सत्तर गुण पडले की पहिल्या तासात ‘संस्कृतीचा अपमान’ सुरू होईल. चिनी लोकांचं झालंच होतं की. ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ ऑगस्ट २०२४ मध्ये आली, तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, समीक्षकांनी ऐंशीच्या वर गुण दिले, आणि तरीही वर्षअखेरीचं मोठं बक्षीस ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ला गेलं म्हणून चाहते महिनाभर धुमसत होते. ऐंशीच्या वर मिळालेल्यांची ही कथा!

आमच्याकडे माझ्या दुसऱ्याच वर्षी एका नव्या ग्राहकाने पहिला लॉट परत पाठवला. ब्रॅकेट होते. मालक तापले, “मुद्दाम करतायत, जुन्या व्हेंडरला सांभाळायचंय त्यांना.” असेलही, कोणास ठाऊक. पण आमचे फोरमन काका काही न बोलता दोनशे नग घेऊन बसले आणि रात्री अकरापर्यंत एकेक गेजमध्ये घालत राहिले. भोक चार दशांश मिलिमीटर सरकलेलं होतं. फिक्श्चरची लोकेटिंग पिन झिजली होती. शंभर-सव्वाशे रुपयांची पिन. तिसरा लॉट पास झाला. मालक आजही म्हणतात की ग्राहकाने मुद्दामच केलं होतं, पण पिन मात्र दर महिन्याला बदलतात.

समीक्षकही चुकतात, हे मान्य. आपल्या गोष्टींतलं बरंच त्यांना कळणार नाही. गरुड त्यांना ‘पक्षीमानव’ दिसेल, वनवासाची गोष्ट लांबलेली वाटेल, प्रत्येक देवाची तुलना ग्रीक देवांशी करतील. तिथे त्यांना टोकायला आपली माणसं हवीत. पण ती आहेत कुठे? शुक्रवारी सिनेमा लागला की मराठी पेपरात रविवारी तारे पडलेले असतात. गेमची परीक्षणं मराठी पेपरात मला तरी दिसत नाहीत. यूट्यूबवर पोरं आहेत, पण फुकट प्रत मिळाली की सगळंच ‘कडक’ असतं. आपलं मोजमाप आपण करत नाही आणि दुसऱ्याने केलं की चिडतो.

पोलंडचं बघा. सीडी प्रोजेक्टवाले नव्वदच्या दशकात दुसऱ्यांच्या गेम विकत होते, त्या पोलिश भाषेत आणत होते. स्वतःचा पहिला ‘विचर’ २००७ मध्ये आला, लढाईवरून बोलणी खाल्ली, वर्षभरात सुधारलेली आवृत्ती काढली. २०१५ मध्ये तिसऱ्याला नव्वदीच्या वर गुण पडले. मधली आठ वर्षं कोणी मोजत नाही.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलंय, आकडा ३,२६८ कोटींचा आहे. त्यातून इमारती होतील, फिती कापल्या जातील. माझी मागणी लहान आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये एक अशी जागा करा जिथे अर्धवट बनलेल्या गेम पोरांना खेळायला देतील आणि त्यांची नावं ठेवणं कागदावर उतरवून घेतील. सेकंड शिफ्ट सुटल्यावर येणारी आमची पोरं बसवा. तलवार कापसाची आहे की लोखंडाची, ती दहा मिनिटांत सांगतील, आणि तेही असल्या भाषेत की समीक्षक परवडला.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “मामा, तू अजून गेम बघितली नाहीस आणि रिजेक्ट केलीस.” बरोबर आहे त्याचं. म्हणून पैज लावलीये. पंचाहत्तर किंवा वर गेले तर चिंचवडगावात त्याला आणि त्याच्या अख्ख्या टीमला मिसळ माझ्याकडून, तर्री हवी तेवढी. अडुसष्टच्या खाली गेले तरी मिसळ माझ्याकडूनच, कारण त्या दिवशी त्याला जास्त गरज असेल.

तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका. नुसतं ‘जय महाराष्ट्र’ नको, आकडा टाका.