शरद पाटलांना हार पुरेत, आता वाचा!



कॉम्रेड शरद पाटील (शपा) २०१४ साली गेले. हयातीत डाव्यांनी त्यांना जातवादी ठरवले, तर अनेक आंबेडकरवाद्यांनी ‘शेवटी कम्युनिस्टच’ म्हणून चार हात लांब ठेवले. आता दोन्हीकडचे लोक त्यांच्या फोटोला हार घालतात. आम्हाला त्या शिव्यांपेक्षा या हारांची धास्ती जास्त वाटते. शिवी देणारा निदान वाद तरी घालत होता.

आरोप काय, तर शपांनी वर्ग बाजूला सारून जात पुढे आणली. साफ खोटे! १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी जो पक्ष काढला, त्याचे नावच सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष. त्यांचे म्हणणे असे: इंग्रज येण्यापूर्वी इथले शोषण वर्ण-जातींतून चाले. राबायचे कोणी आणि वरकड न्यायची कोणी, हे जात ठरवी. इंग्रजी अमलात वर्ग आले, पण जात गेली नाही. दोन्ही एकमेकांत गुंतले. म्हणून जात मोडण्याचे काम क्रांतीनंतरसाठी राखून ठेवता येत नाही. यात वर्ग वगळला कुठे?

‘जात म्हणजे वरचा इमला, पाया बदलला की आपोआप ढासळेल’ असे अभ्यासशिबिरांत अजूनही ऐकू येते. सांगणाऱ्यांनी एकदा मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास चाळावा. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा. पण कांडी बदलली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोट्याला अस्पृश्याची थुंकी लागेल, म्हणून सवर्ण कामगारांनी दलितांना त्या खात्यात शिरू दिले नाही. ते राहिले कमी पगाराच्या खात्यांत. मालक तोच, भोंगा तोच! १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न डॉ. आंबेडकरांना पुढे आणावा लागला. साच्यावर कोणी उभे राहायचे हे जात ठरवत असेल, तर ती पायात नाही तर कुठे?

आंबेडकरवादी मित्रांनाही एक आठवण. कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप झाला, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. धुळे-नंदुरबारच्या आदिवासींबरोबर वनजमिनीसाठी लढणारे शपा तुम्हाला परके का वाटावेत?

शपांचे सगळे आम्हाला पटते असे नाही. व्याकरणकार पाणिनीच्या एखाद्या शब्दावर ते कधी कधी अख्खा समाज उभा करतात. प्राचीन स्त्रीसत्तेबद्दलच्या त्यांच्या काही निष्कर्षांना पुरावा तोकडा पडतो. आणि भाषा म्हणाल, तर वाचकावर दया नाही! पण भांडायचे तर या मुद्द्यांवर भांडा. न वाचता ‘जातवादी’ म्हणणे हा निव्वळ आळस आहे.

त्यांचे ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हे पुस्तक युनियनच्या कचेरीत, वसतिगृहाच्या खोलीत मोठ्याने वाचा, खोडता आले तर खोडा. आणि कंत्राटी कामगारांचे पुढचे मागणीपत्रक लिहाल, तेव्हा गटारात कोणत्या जातींची माणसे उतरतात, हे पहिल्या पानावर लिहा.