परीक्षा विद्यार्थ्यांची की विद्यापीठाची?

पुण्यातील गणेशखिंडीतली जी वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखली जाते, ती इंग्रजी अमदानीत गव्हर्नरांचे निवासस्थान होती. २२ जून १८९७ च्या रात्री याच वास्तूत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. तो आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. प्लेग आवरण्याच्या नावाखाली सोल्जरांना घराघरांत घुसवणाऱ्या, माजघर आणि देवघर यांचीही मर्यादा न पाळणाऱ्या राजवटीला मिळालेले ते उत्तर होते. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने अंत झाला. पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथवर आल्या आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला. ज्या विद्यापीठाची वास्तू प्लेगच्या इतिहासाची साक्षीदार आहे आणि ज्याला २०१४ पासून प्लेगमध्ये देह ठेवणाऱ्या शिक्षिकेचे नाव आहे, त्या विद्यापीठाकडून साथीच्या काळात समाजाने काय अपेक्षा ठेवावी?

कोरोनाच्या साथीने २०२० साली हा प्रश्न विचारला. त्याला मिळालेले उत्तर आज, साथ ओसरून काही वर्षे लोटल्यावर, शांतपणे तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण त्या वर्षी महाराष्ट्रात विद्यापीठ या विषयावर जेवढी म्हणून चर्चा झाली, ती जवळपास सगळी एकाच शब्दाभोवती फिरत राहिली. तो शब्द म्हणजे परीक्षा!

घटनाक्रम वाचकांना स्मरत असेलच. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण आढळले आणि पंधरवड्यात सारे व्यवहार ठप्प झाले. केवळ अंतिम वर्षाच्या परीक्षा होतील, असे राज्य सरकारने ८ मे रोजी जाहीर केले. मे महिना संपण्याच्या आत भूमिका बदलली आणि जूनमध्ये परीक्षा न घेण्याचा निर्णय झाला. कुलपती या नात्याने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यास आक्षेप घेतला. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर अंतिम परीक्षा घेणे बंधनकारक केले. युवा सेनेसह अनेकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ ऑगस्ट रोजी न्यायालयाने निकाल दिला, की आपत्तीच्या कारणास्तव राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्याची मुभा मागता येईल, पण परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. निकाल योग्यच होता. परीक्षेवाचून मिळालेली पदवी ही विद्यार्थ्यावरची दया नसून त्याच्या कपाळावरचा शिक्का ठरली असती. त्याची चुणूक जुलै महिन्यातच दिसली होती. राज्यातील कृषी अभ्यासक्रमांच्या काही गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शेरा छापून आला आणि पालकांच्या काळजात धस्स झाले.

मात्र या साऱ्या घटनाक्रमात एक पात्र रंगमंचावर कुठेच दिसत नाही, हे किती जणांच्या लक्षात आले? मंत्रालय बोलले, राजभवन बोलले, दिल्लीतला आयोग बोलला, न्यायालय बोलले. विद्यापीठ काय म्हणाले? कुलगुरूंच्या समित्या नेमल्या गेल्या, त्यांनी अहवाल दिले आणि निर्णय अन्यत्र झाले. वस्तुतः महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापरिषद निर्माण केली आहे, परीक्षा व मूल्यमापन मंडळ निर्माण केले आहे. ज्ञानाची पारख कशी करावी, हे ठरवण्याचा अधिकार या मंडळांचा आहे. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याची अडचण आणि फोर्टमधल्या विद्यार्थ्याची अडचण एक नव्हती. कोणत्या विद्यापीठाने कोणती पद्धत स्वीकारावी, हे त्या त्या विद्यापीठाने ठरवून समाजासमोर ठामपणे मांडायला हवे होते. आयोगाच्या एकसाची आदेशाचे आम्ही स्वागत केले तरी, तो आदेश काढण्याची वेळ यावी हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट होती.

अखेर ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या. त्या कशा झाल्या, हे घरोघरच्या पालकांनी पाहिले आहे. कुणी गच्चीवर, कुणी गावाबाहेरच्या टेकडीवर मोबाईलला रेंज शोधत बसलेला. पुणे विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा पहिल्याच दिवसांत तांत्रिक गोंधळात सापडली. मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा सायबर हल्ल्याचे कारण देऊन पुढे ढकलावी लागली. तीन वर्षांच्या अध्ययनाचे मोजमाप तासाभराच्या बहुपर्यायी प्रश्नांवर आले. मार्च ते ऑक्टोबर असे सात महिने हाताशी असताना ही तयारी!

याचे मूळ फार मागे आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदव्या वाटायच्या. नालंदा-तक्षशिलेचा वारसा सांगणाऱ्या देशात विद्यापीठ जन्माला आले ते परीक्षेचे कार्यालय म्हणून! अध्यापन व संशोधनाची जोड त्याला पुढे मिळाली, पण शेकडो संलग्न महाविद्यालये आणि लाखो उत्तरपत्रिका यांच्या ओझ्याखाली त्याचा कणा वाकलेलाच राहिला. २९ जुलै २०२० रोजी, म्हणजे परीक्षेचा वाद ऐन भरात असताना, केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मान्य केले. ही संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी, असे त्यात म्हटले आहे. त्या दिवसांत धोरणातल्या या भागाकडे फारसे कुणी पाहिले नाही, कारण सगळ्यांचे डोळे वेळापत्रकाकडे लागले होते.

पण आमच्या विद्यापीठांना दुसरे काही जमतच नाही, असे मात्र कुणी समजू नये. त्याच उन्हापावसात, २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात, पुण्याच्या पाच प्रभागांत १६६४ नागरिकांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात आले. पुणे महापालिकेच्या साहाय्याने झालेल्या या पाहणीत आयसरबरोबर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा सहभाग होता. ५१.५ टक्के नमुन्यांत कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे त्या प्रभागांतील निम्म्याहून अधिक लोकांना विषाणू शिवून गेला होता आणि नोंदवलेली रुग्णसंख्या हे वास्तवाचे केवळ एक टोक होते. रुग्णालयांच्या खाटा किती लागतील, निर्बंध कुठे लावावेत, याचा विचार करणाऱ्या प्रशासनाला याहून मोलाची माहिती कोणती? देशातील विषाणूंच्या जनुकीय क्रमनिर्धारणाच्या जाळ्यात सुरुवातीपासून असलेली पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था याच विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. विद्यापीठाने साथीला दिलेला खरा प्रतिसाद तो हा. वृत्तपत्रांत त्याला एक-दोन दिवस जागा मिळाली, परीक्षेला सात महिने मिळाली.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी कोविशिल्डच्या पहिल्या कुप्या पुण्यातून देशभर रवाना झाल्या. त्या बनल्या हडपसर-मांजरी परिसरात. यशवंतरावांचा दवाखाना ज्या हडपसराजवळ होता, तेच हे हडपसर. भारतीय उद्योगाचे ते कर्तृत्व अभिमानास्पदच आहे. पण ती लस मुळात घडली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये. तेथील संशोधक त्याच धर्तीच्या लसीवर, मर्स नावाच्या दुसऱ्या विषाणूसाठी, कित्येक वर्षे काम करीत होते. म्हणूनच वेळ येताच ते काही महिन्यांत लसीपर्यंत पोहोचले. इलिनॉय विद्यापीठाने स्वतःच्या रसायनशास्त्रज्ञांची लाळेची चाचणी वापरून विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा तपासणी केली. (तिथेही पोरांनी मेजवान्या झोडून रुग्णसंख्या वाढवलीच, तारुण्य सगळीकडे सारखेच.) आमच्याकडे बुद्धी नव्हती असे नाही. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, ती लस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातच तयार झाली होती. सव्वाशे वर्षांनंतर प्रयोगशाळेला लागतो तो निधी, भरलेली प्राध्यापकपदे आणि दीर्घकाळ एका विषयावर काम करण्याची मोकळीक. विद्यापीठाची सारी शक्ती परीक्षा विभागाकडे वळत असेल, तर ही मोकळीक येणार कोठून?

साथी पुन्हा येणार आहेत. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यातच गेला, तेव्हा शाळा-महाविद्यालयांना सुट्टी देण्यापलीकडे आपली झेप गेली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा पाण्याचे आणि रुग्णांचे नमुने तपासण्याची धावपळ पुन्हा राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व महापालिका यांच्यावर आली.

आमच्या वाचकांत विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून गेलेले पदवीधर आहेत, प्राध्यापक आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचे काम करणारे कार्यकर्ते आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे, की येत्या अर्थसंकल्पीय अधिसभेत दोन आकडे शेजारी-शेजारी मांडायला सांगावे: परीक्षा विभागावर विद्यापीठ वर्षाला किती खर्च करते आणि आरोग्यशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र या विभागांच्या संशोधनावर स्वतःच्या निधीतून किती. सोबत आणखी एक विचारावे. उद्या पुन्हा विद्यापीठ बंद ठेवावे लागले, तर परीक्षा कशी घ्यायची याचा परीक्षा व मूल्यमापन मंडळाने मंजूर केलेला लेखी आराखडा तयार आहे काय?